फ्राउ क्रिंग्सची कोळशाची बादली

फ्राउ क्रिंग्स गेल्या, हे त्यांच्या भाच्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी एर्लांगेनच्या बसस्टॉपवर होतो. ‘‘हो, हो,’’ म्हणालो. बस आली, चढलो. ऑफिसात मीटिंगही केली. सहा आठवडे झाले, रडू काही आलेलं नाही.

जर्मनीत आल्यावर आखनला पीएचडी करताना चार वर्षं मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. नवरा खाणकामगार, त्याच्या हक्काचा कोळसा त्याच्या मागेही दरसाल घरी यायचा, म्हणून बाईंनी बैठकीतली लोखंडी शेगडी सोडली नव्हती. शेगडीशेजारी पुढे चोच असलेली पत्र्याची बादली. पहिल्याच हिवाळ्यात, पदवीच्या आधीच मला थट्टेने डॉक्टरसाहेब करत त्या म्हणाल्या, ‘‘आल्झो, हेर डॉक्टर, तळघरातून एवढी भरून आणता?’’ मी सरळ सांगितलं, ‘‘माझ्या बापाने चंद्रपूरच्या खाणीवर जन्मभर कोळसा उचलला, तो मला उचलावा लागू नये म्हणून. मी नाही उचलणार.’’ आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी. ते वाक्य मला फार ताठ वाटलं होतं. त्या ‘‘गुट’’, म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि गुडघा धरत स्वतः खाली गेल्या. पुन्हा कधी विचारलं नाही. रविवारचा केक मात्र माझ्या दाराशी येतच राहिला.

पदवी मिळाली तेव्हा बाबा आले. दुसऱ्याच सकाळी भरलेली बादली घेऊन तळघराच्या पायऱ्या चढताना दिसले. ‘‘बाबा, ठेवा ते!’’ तर म्हणाले, ‘‘काऊन? तू शिकला म्हणून माहे हात गळाले का?’’ बादलीची तारेची कडी बाईंच्या हाताला कापते, हे त्यांनी पाहिलं आणि खांद्यावरचा दुपट्टा फाडून कडीला गुंडाळला. आग रात्रभर टिकावी म्हणून वरून ओला चुरा कसा दाबायचा, ते हातवाऱ्यांनी दाखवलं. बाई म्हणत होत्या, ‘‘गेनाऊ, गेनाऊ!’’ अगदी बरोबर! तीन आठवडे दोघं शेगडीपाशी बसत. मी दुभाष्या म्हणून बसायचो, मला कुणी काही विचारलं नाही.

एर्लांगेनला नोकरी लागल्यावर फोन व्हायचे. गुडघा कसा आहे, विचारायचो. कोळसा वर कोण आणतं, हे कधी विचारलं नाही...

घर रिकामं करताना भाचा म्हणाला, हवं ते न्या. बादली जागेवरच होती, जेमतेम पाव भाग कोळसा भरलेली. तेवढीच त्यांना पेलत असावी. ‘‘रिकामी करून देतो,’’ तो म्हणाला. नको म्हटलं. बसने, मग रेल्वेने, मांडीवर धरून आणली.

बाबांना फोन करून बादली आणल्याचं सांगितलं. ते म्हणाले, ‘‘दुपट्टा हाये का अजून?’’

आहे. काळा झालाय, गाठ पक्की आहे. बादली आता माझ्या हीटरशेजारी असते. सकाळी निघण्यापूर्वी मी ती उचलतो, दारापर्यंत नेतो, परत आणून ठेवतो.