वर केलेल्या मुठी

बॉक्सिंगमध्ये पडून उठलेल्या खेळाडूसमोर रेफरी आठपर्यंत मोजतो आणि त्याच्या डोळ्यांत बघतो. पुढे खेळायचं असेल तर दोन्ही मुठी वर करून दाखवायच्या. नागपूरच्या त्या लढतीत माझ्या मुलाने मुठी वर केल्या, हॉलमध्ये टाळ्या पडल्या आणि रेफरीने लढत चालू ठेवली. पुढच्या ठोशाला तो पडला तो उठला नाही. डोक्यात रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं. मुलगा वाचला.

पांढुर्ण्याला घरी आणल्यावर त्याचे टाके बघून लोक विचारायचे, "गोटमारीत दगड लागला काय?" इथे डोकं फुटलं की सगळ्यांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीवर दोन गावांत होणारी दगडफेक, गोटमारच आठवते. माझ्या नवऱ्याने काही दिवस खरं सांगितलं. मग हे नुसतं हो म्हणायला लागले. ते लवकर आटपायचं.

मुलगा चालायचा, जेवायचा, पण हातातलं काम मध्येच विसरायचा. कपडे वाळत घालायला जाऊन बादलीजवळ नुसता उभा राहायचा. आणि काहीही विचारलं की मुठी वर. औषध घेतलं? मुठी वर. चक्कर येते? मुठी वर, जरा हसून. डॉक्टरांसमोरही तेच.

एकदा स्वयंपाकघरातून वास आला.

"गॅस बंद केला का रे?"

त्याने मुठी वर केल्या.

"सांगून राहिला ना तो," हे म्हणाले. "काहून मागे लागते त्याच्या?"

"रेफरीलेही हेच सांगितलं होतं त्यानं."

मी आत जाऊन बघितलं. दूध शेगडीवर, बटण चालू, जाळ नाही. तेव्हापासून मी त्याला विचारणं सोडलं. आपणच बघायचं आणि ठरवायचं.

पण माझी रजा संपली. सौसरला शाळेत हजर होणं भाग होतं. यांचं कापडाचं दुकान. मुलाला तिथे बसवलं की गिऱ्हाईक कापड सोडून त्याच्याकडे बघत बसायचं. तो दिवसभर घरी एकटा राहू शकेल की नाही, एवढाच प्रश्न होता.

"राहते तो," हे म्हणाले. "तूच त्याले लेकरू करून ठेवलं."

"दुकानाले कुलूप लावणं जिवावर येते, असं सांगा ना."

हे ताटात बघत जेवत राहिले.

सोमवारी हे दुकानात गेले. मी गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवला, बाथरूमची आतली कडी आदल्या दिवशीच काढली होती. पोळ्या झाकल्या. चपला घालताना मात्र राहवलं नाही.

"राहशील ना रे एकटा?"

त्याचे हात मांडीवरच राहिले.

"नाही, आई."

इतके महिने मला खरं उत्तर हवं होतं. मिळालं, तेव्हा त्याचं काय करावं कळेना. मी यांना फोन लावला.

"शटर पाडा आणि घरी या."

"अवं, गिऱ्हाईक बसलं आहे."

"तो नाही म्हणाला."

यांनी फोन ठेवला. थोड्या वेळाने हे आले. दारातूनच, सवयीने, विचारलं, "काय रे, ठीक ना?"

मुलाने दोन्ही मुठी वर केल्या.

यांनी माझ्याकडे बघितलं. मग हे त्याच्यासमोर स्टुलावर बसले, त्याची एकेक मूठ धरून खाली आणली आणि तशीच धरून ठेवली.

"जा तू," मला म्हणाले. "आज दुकान बंद."

उद्याचा विषय कोणीच काढला नाही. मी सौसरची बस पकडली.