पानाची शेवटची ओळ

मी मूळचा साताऱ्याचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात कॉम्प्युटरवर होतो. जोडीला जतकडचा एक जण. माझ्याच वयाचा, इंग्रजीला बिचकणारा. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचा छपाईचा प्रोग्राम आम्ही वापरायचो. फुकटातला. कुणीही त्यातली चूक दुरुस्त करून मूळ कर्त्याला पाठवावी, असा तिथला रिवाज. आमच्या घडीच्या लांब कागदावर तो दर पानाची शेवटची ओळ गिळायचा.

मी चार दिवसांत हात टेकले. तो मात्र फूटपट्टी घेऊन आठवडाभर छापलेल्या ओळी मोजत बसला, आणि कोडमधली चूक त्यानंच शोधून दुरुस्त केली. कर्त्याला इंग्रजीत तू लिही, पण नावं दोघांची घाल, म्हणाला. मी एकच घातलं. माझं.

कर्त्याचं परदेशातून ईमेलनं उत्तर आलं. आणखी कुणाचा हात असेल तर कळवा, त्याचंही नाव प्रोग्रामला हातभार लावणाऱ्यांच्या यादीत घालतो, असं त्यानं आपणहून विचारलं होतं. आता याहून सोपं काय करून द्यायचं माणसानं? मी पानभर फुशारकी मारली आणि शेवटी लिहिलं, हे मी एकट्यानं केलंय.

वडिलांनी साताऱ्यात गल्लीभर सांगितलं. गणपतीत मंडळानं शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. माझा जोडीदार कुपवाडहून एसटीनं आला, मागं बसून टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, भोळा आहे, याला काय कळतंय. मोठा शहाणा मी!

ऑफिसात ईमेल सगळ्यांत मिळून एकच. आलेलं-गेलेलं प्रत्येक पत्र छापून फायलीला लावायचं, हा मालकांचा नियम, आणि ते काम त्याचं. हे मला सत्कारानंतरच्या सोमवारी आठवलं. फाईल उघडली. माझं पत्र नीट लावलेलं होतं, सत्काराच्या पंधरा दिवस आधीची तारीख घालून. इंग्रजी शब्दांखाली पेन्सिलीनं मराठी अर्थ. 'एकट्यानं' हासुद्धा. ती पानाची अगदी शेवटची ओळ. त्याची दुरुस्ती नसती तर ती छापलीच गेली नसती.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सत्काराला आलास कशाला, एवढंच विचारू शकलो.

"तुझ्या वडलांनी बोलावलं हुतं," तो म्हणाला. "त्यांच्या म्होरं काय बोलायचं गड्या?"

त्याचंही नाव घाला, असं दोन ओळींचं पत्र कर्त्याला तेव्हाही धाडता आलं असतं. पण छापून फायलीला लावायला ते त्याच्याच हातात गेलं असतं. तेवढंही माझ्याच्यानं झालं नाही. यादीत अजून माझं एकट्याचंच नाव आहे.