रुक्मिणने वजन दिलं नाही

परभणीला उतरल्यावर मी आधी डोंगर शोधले. आम्हा सातारकरांची ही खोडच आहे. डोंगर कुठला दिसायला! काळी सपाट जमीन, वेचून झालेली पऱ्हाटी (कापसाची उभी झाडं) आणि वर नुसतं आभाळ. "चला, गुडघ्यांना तरी सुट्टी," असं स्वतःशीच म्हणत मी बसस्टँड गाठलं.

मी निवृत्त क्रीडाशिक्षिका. तेहतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिट्टी फुंकली, त्यातली बहुतेक बास्केटबॉलच्या मैदानावर. रेहाना माझी विद्यार्थिनी. वडील रेल्वेत, त्यांची बदली पूर्णेला झाली आणि ती तिथलीच होऊन गेली. आता इकडच्या महिला व्यावसायिक लीगमध्ये ती पूर्णेच्या संघाची प्रशिक्षक आहे. दरवर्षी हंगामाआधी खेळाडूंची निवड होते. सहा संघ, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो, आणि पाळीपाळीने एकेक संघ एकेक मुलगी घेतो. घेतलेल्या मुलीला हंगामभर मानधन, राहणं, खाणं. रेहानाचा फोन आला, "मॅडम, एकदा या. काही करू नका, नुसतं माझ्या बाजूला बसा." मला घरी बसून कंटाळा आलाच होता, निघाले.

पुढच्या तालुक्याच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "कुठं जायलात, मावशी?"

"मोंढ्यात," मी म्हटलं. मोंढा म्हणजे इकडची धान्याची बाजारपेठ.

"आज मोंढा बंद हाय की."

"म्हणूनच. आज तिथे मुलींचं बास्केटबॉल आहे."

"आगं बाई!" तो हसला. "लेकी आता मोंढ्यात खेळायल्यात म्हणा की!" आणि तिकीट देऊन पुढे गेला. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांनी मला दोन वेळा पोटभर जेवू घातलंय, आणि भांडणही त्यांच्याशीच झालंय.

मोंढ्यातली शेड भली लांबरुंद. खाली गुळगुळीत सिमेंट, दोन्ही टोकांना चाकांवरच्या लोखंडी बास्केट आणून उभ्या केलेल्या. संयोजक भगवानराव हे मोंढ्यातले बडे आडते (शेतमालाचे दलाल). जागा त्यांची, मांडव त्यांचा, आचारीही त्यांचा. "साताऱ्याहून आल्या मॅडम? बसा, बसा. आधी सुशीला खा," म्हणत त्यांनी माझ्या हातात बशी दिली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना खमंग फोडणी, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. मी दोनदा घेतली. लाज कसली त्यात!

सकाळभर मुली पाच-पाचचे गट करून खेळल्या. बोरीच्या रुक्मिणने तेव्हाच माझं लक्ष ओढून घेतलं. चोवीसची, सावळी, उंची बेताचीच. पण चेंडू तिच्या हातात आला की समोरच्या मुली दोन पावलं मागे सरकायच्या. पाणी प्यायला आली तेव्हा मी विचारलं, "किती वर्षं येतेस निवडीला?"

"हे तिसरं. दोनदा कुणी घेतलं न्हाई." ओढणीने तोंड पुसत ती म्हणाली, "औंदा न्हाई झालं तर खेळ बंद. बापासंगं तशी बोलीच झालीय. पाहुणे तर तयारच हायत."

"आज घेतील," मी म्हटलं.

"घ्यायलाच पायजे," ती म्हणाली, आणि परत पळाली.

जेवणात भाकरी, तुरीचं घट्ट वरण आणि ठेचा होता. जेवणं झाली तसं उंची-वजनाचं काम सुरू झालं. उंची भिंतीवर खडूने मोजली. वजनाला एका शाळेतून छोटा काटा आणला होता, तो पहिल्याच मुलीला बंद पडला. भगवानराव म्हणाले, "कशाला काळजी? एवढा मोठा काटा उभा हाय की!" आणि त्यांनी काशिनाथ मापाड्याला (मोंढ्यात माल मोजणारा) घरून बोलावून घेतलं. म्हातारा आला, टोपी सारखी केली, आपल्या रोजच्या जागेवर बसला आणि रोजच्या सवयीने माईक पुढे ओढला.

पहिली मुलगी काट्यावर चढली. शेडभर आवाज घुमला, "बावन्न किलो! बारदान वजा, एक्कावन्न!"

बारदान म्हणजे रिकामं पोतं. पोत्याचं वजन वजा करून मालाचं वजन सांगायची इथली रीत. म्हाताऱ्याने मुलीचंही पोतं वजा केलं! सगळे खो-खो हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण दुसरी, तिसरी, चौथी, प्रत्येक वेळी तेच. कडेला बघायला जमलेले आडते आणि हमाल आता आकड्यांवर शेरे मारायला लागले. सेलूकडची सविता नावाची धिप्पाड मुलगी चढली. "अठ्ठ्याहत्तर!" कुणीतरी ओरडलं, "भरलेलं पोतं हाय!" सविता खाली बघत उतरली. सकाळी हीच पोरगी बास्केटखाली तिघींना हटवत होती.

मग रुक्मिणचं नाव आलं. तिने एक पाय काट्यावर ठेवला आणि काढून घेतला.

"काका, माईक बंद करा."

"रोजची पद्धत हाय, बाई."

"तुरीची हाय. माझी न्हाई. कागदावर लिवा, लगेच चढते."

भगवानराव पुढे आले. "हे बघ, सगळ्यायला एकच नियम. लिवायचं बी अन् सांगायचं बी. आमचा कारभार उघडा हाय. जिचं वजन न्हाई, तिचं नाव यादीत न्हाई."

रुक्मिणने आवाज खाली येऊ दिला नाही. "दोनदा पाहुणे बघून गेले मला. एक म्हणला चालून दाखव, दुसरा म्हणला केस सोड. सोडले. घरात होते म्हणून ऐकलं. हितं मी खेळून दाखवायला आलेय, अन् सकाळधरनं दाखवलंय. लोकांपुढं तोलून घ्यायला मी आलेली न्हाई."

ती गेली आणि कोपऱ्यातल्या पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसली. माझ्या डोक्याची शीर तडतडली. मी उठणार, तोच रेहानाने माझा हात दाबला. "मॅडम, बसा. माझी पाळी येऊ द्या." मला तिचाच राग आला. म्हटलं, ही पण गप्प बसणाऱ्यांतली झाली!

निवड सुरू झाली. पूर्णेची चिठ्ठी तिसरी होती. पहिल्या दोघांनी उंच मुली घेतल्या. रेहाना उभी राहिली. "पूर्णा घेते, बोरीची रुक्मिण."

"यादीत नाव न्हाई," भगवानराव म्हणाले.

"मग पूर्णेनं पाळी सोडली." आणि ती खाली बसली.

शेडमध्ये कुजबूज झाली. दुसरी फेरी. पुन्हा तेच नाव, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा पाळी सोडली. तिसरी, चौथी. सविता सेलूच्या संघात गेली, चपळ मुली इकडेतिकडे वाटल्या गेल्या. रेहानाचा कागद कोरा. एक प्रशिक्षक गालात हसत म्हणाला, "बाई, हट्ट सोडा, चांगल्या पोरी संपायल्यात."

"संपू द्या."

आता माझाच धीर सुटला. मघाशी मारे उठायला निघाले होते मी! तिच्या कानाशी म्हटलं, "अगं, एखादी तरी घे. संघ कसा उभा करशील?"

"तुम्ही बाजूला बसायला आलात ना, मॅडम? मग बसा." शिष्येने मलाच सुनावलं!

रुक्मिण पोत्यांवरून उतरून आली. डोळे भरलेले. "ताई, दुसरी पोरगी घ्या. माझ्यापायी तुमची टीम जायलीय."

"तुझ्यापायी कशाला?" रेहाना सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "पुढच्या साली बी ह्याच काट्यावर पोरी चढणार हायत. मला आजच काय ते कळू दे."

तेव्हा सविता उठली. तिची तर निवड झालेली होती. गप्प राहिली असती तर तिचं काहीच बिघडत नव्हतं. टेबलाजवळ जाऊन म्हणाली, "माझं वजन खोडा."

"आता काय झालं?" भगवानराव वैतागले.

"अठ्ठ्याहत्तर हाय माझं. मला त्याची लाज न्हाई. पण तुमी ओरडायला मी पोतं न्हाई. खोडा, न्हाईतर नाव बी खोडा." आणि ती सरळ पोत्यांच्या थप्पीकडे चालायला लागली. तिच्यामागे एक उठली, मग दोघी, मग मी मोजायचंच सोडून दिलं. निम्मी लीग थप्पीवर जाऊन बसली! शाब्बास गं बायांनो, असं मी मोठ्याने म्हणाले, अगदी माईकवर ऐकू गेलं.

भगवानरावांनी थप्पीकडे बघत कपाळ चोळलं. मग कारकुनाला म्हणाले, "लिव. रुक्मिण, बोरी."

"वजन?"

"रेघ मार. सगळ्यायच्या रकान्यात मार. पण सोडलेल्या पाळ्या परत भेटणार न्हाईत, सांगून ठेवतो."

"नकोच मला," रेहाना म्हणाली. काशिनाथ मापाड्याने स्वतःच्या हाताने माईक बंद केला. "पोरीओ, सारी उमर पोतीच मोजली," एवढंच पुटपुटला. रुक्मिणने त्याला पाणी नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णेला, माझ्या गाडीला तासभर होता. रेल्वे कॉलनीच्या मैदानावर रुक्मिण आणि कुणालाच नको असलेल्या सात मुली. एकीला चेंडू धड झेलता येत नव्हता. रुक्मिण तिच्यावर ओरडत होती, "भ्यायचं न्हाई! छातीवर येऊ दे!"

"घरी काय म्हणाले?" मी विचारलं.

"आई रडायलीय. पाहुण्यायचं मोंढ्यात बोलले म्हणून बा बोलायले न्हाईत." तिने चेंडू आपटला. "बोलतील. न्हाई बोलले तरी मी खेळणार."

घरी आल्यापासून आठवडा झाला, पण माझं मन काही शांत नाही. भगवानरावांना नावं ठेवायला मी मोकळी, पण तेहतीस वर्षं मी काय केलं? दर जूनमध्ये मुलींची रांग लावली, काट्यावर चढवलं आणि मैदानभर ऐकू जाईल असं वजन पुकारलं. दुसऱ्या बाई लिहायच्या. वेळ वाचतो ना! नववीत एक डावखुरी मुलगी होती, हात असा की बघत राहावं. वजनाच्या दुसऱ्या दिवसापासून ती मैदानावर आली नाही. मी तिला आळशी म्हणून मोकळी झाले.

पुढच्या महिन्यात साताऱ्यात जिल्हा निवडीला मला परत बोलावलंय. जाणार आहे, आणि पहिलं भांडण वजनावरून करणार आहे. त्याआधी त्या मुलीला शोधावं म्हणून रोज आठवतेय. चेहरा आठवतो, डावा हात आठवतो. नाव काही केल्या आठवत नाही. वजन अजून पाठ आहे, एकसष्ट किलो.