सगळ्यांच्या मागून दळणारे काका

किन्हीराजा गावच्या गिरणीत मी दळायला असतो. तिथे एक ख्रिस्ती काका दर शनिवारी गव्हाचा डबा घेऊन येतात. येतात सगळ्यांच्या आधी आणि जातात सगळ्यांच्या नंतर. मागून कोणीही आलं की स्वतःचा डबा पायाने मागे सरकवतात. "तुमी घ्या अगुदर, मले घाई नाई."

गिरणीशेजारची आजी त्यांना छेडते, "तुमच्या देवानं तुमाले रांगेतच उभं ठेवलं काय?"

"त्यानं दुसऱ्यायचे पाय धुतले, आजी. मी तं नुसता नंबर सोडून राह्यलो."

नाताळाच्या आदल्या दिवशी मी पहिल्यांदाच गिरणीच्या दगडाला टाकी लावली, म्हणजे झिजलेला दगड छिन्नीने ठोकून खरखरीत केला. टाकीनंतरच्या पहिल्या पिठात दगडाची कचकच येते, म्हणून कोणी डबा पुढे करेना. मालक यायची वेळ झाली होती. गिरणी बंद दिसली तर तो मला काढणारच होता, आणि सातवीत शाळा सोडलेल्याला घरापासून इतक्या लांब दुसरं काम कोण देणार?

तेवढ्यात काका सगळ्यांना कोपराने सारत पुढे आले. "सरका, आज मले लय घाई हाय."

"पाह्यलं? सण आला अन् माणूस बदलला," आजी म्हणाली.

त्यांनी सणाच्या पुऱ्यांचे सगळे गहू ओतले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नाताळ झाल्यावर मी भीतभीत विचारलं, "काका, पुऱ्या कशा झाल्या?"

"मस्त. घरात कोणी भांडलंच नाई. सारे हळूहळू चावून राह्यले होते."