बागेची किल्ली गटारात

नको म्हटलं तरी चहाचा कप पुढे सरकवता आणि दात काढून बसता. ऐका मग एकदाचं. मधे हसायचं नाही.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीसमोर पालिकेची छोटी बाग आहे. कराचे पैसे पुरेनात म्हणून त्यांनी आधी माळी काढला, मग वॉचमन. किल्ली माझ्याकडे आली. फुकटचा माणूस हवा होता, मी सापडलो. तीन वर्षं एक दिवस खाडा नाही केला.

मग कानावर आलं, चार पैसे मिळावेत म्हणून पालिका बाग मोडून तिथे पे अँड पार्क करणार. माझी झोप उडाली. त्यात आमचा चेअरमन सावंत धापा टाकत आला, "राणे, पार्किंगवाल्याचा माणूस आज मोजायला येतोय. सोडू नकोस त्याला."

चार वाजता एक जाडा माणूस बागेत टेप टाकून मोजताना दिसला. मी गेट ओढलं, कुलूप घातलं. भजनाच्या बायका बोलावल्या, त्या गेटला पाठ लावून बसल्या. तो आतून ओरडतोय, मी पालिकेचा आहे म्हणून. म्हटलं, मग तर अजिबात सोडत नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या फार वाईट हो! मी सगळ्यांदेखत किल्ली गटारात फेकली.

तेव्हा त्याने गजांतून एक कागद पुढे केला.

"काका, दत्ताराम राणे कोण तुमच्यात? बाग रहिवाशांनाच सांभाळायला द्यायचीय, मोजणी त्याचीच चाललीय. त्यांची सही साडेपाचपर्यंत ऑफिसात पोचली नाही, तर उद्या पार्किंगचं टेंडर निघेल."

पाच वाजून गेले होते.

खोटं कशाला सांगू, घाईघाईत सही केली, ती पण वेडीवाकडी. भजनाच्या बायकांत आमची ही पण होती, साहेबाने तिला नाव विचारलं, कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. मला वाटलं, कागद नेणाऱ्याचं नाव लागत असेल. ही कागद घेऊन रिक्षाने गेली. मी घड्याळाकडे बघतोय, साहेब गजांतून माझ्याकडे बघतोय.

शेवटी हिचा फोन आला. दोन मिनिटं राखून पोचली होती.

मग चावीवाला आणून कुलूप तोडलं, साहेब सुटला, बाग वाचली. दुसऱ्या दिवशी कागद हातात आला. किल्ली कोण सांभाळणार, तिथे माझं नाव खोडलेलं, वर हिचं लिहिलेलं.

आता रोज सकाळी मी गेटबाहेर उभा असतो, हिच्या पोळ्या आटपेपर्यंत.

साहेबाची मी दोनदा माफी मागितली. माझी मात्र एकाने अजून मागितलेली नाही. तिसरा मजला, चेअरमन सावंत.