पौर्णिमाचा समुद्र

नालवाडीची पौर्णिमा घरबसल्या कोकणातल्या एका छोट्या हॉटेलाचं फेसबुक पेज आणि ब्लॉग सांभाळायची. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. तरी हॉटेलच्या मालकीणबाईंना तिनं पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, "रोज सवलतीची जाहिरात नको. रोज समुद्राचं एकच काहीतरी सांगू."

बाई फोटो पाठवायच्या. पौर्णिमा गच्चीवर बसून ते बघत राहायची. समोरच्या तुरीच्या शेतावरून वारा सरकला की तिला लाट येताना दिसायची, आणि मग ती लिहायची. वाचणारे वाढत गेले. खोल्या रिकाम्या राहीनात.

एके दिवशी बाई म्हणाल्या, "आता तूच ये राहायला."

वडिलांना घेऊन ती गेली. संध्याकाळी पाण्यात उभी राहिली, तेव्हा पायाखालची वाळू हलकेच निसटू लागली.

"काऊन वं, आज लिहून नाई राह्यली?" वडिलांनी विचारलं.

"बाबा, हा सोताच बोलून राह्यला. मले आयकू द्या."

त्या दिवशी पेजवर काहीच आलं नाही. बापलेक अंधार पडेपर्यंत तिथंच उभे होते.