मरणाच्या अंकातल्या बाई

"आज झकास मरू, मास्तर," शेवटच्या अंकाआधी पदर खोचत बाई म्हणायच्या आणि तोंडातलं पान थुंकून चूळ भरून यायच्या. मरताना ओठ लाल दिसू नयेत, एवढीच त्यांची तयारी.

तुम्हीही आमच्या सांगली-साताऱ्याकडची जत्रेतली नाटकं पाहिली असतील. पुरुषांची कामं नाटकमंडळीतलेच लोक करायचे. सुट्टीवर आलेला एखादा फौजी तर नायक व्हायला टपलेलाच असायचा. बायकांच्या कामाला मात्र मिरजेहून बाई आणावी लागायची. सत्तरच्या दशकात शाळेतली नोकरी सांभाळून मी अशाच एका मंडळीत होतो. आमचं नाटक जुनं, रडकं, लोकांना तोंडपाठ. नवऱ्याच्या संशयापायी नायिका शेवटी विष पिते. संशयी नवरा मी, विष पिणाऱ्या या बाई.

आणि काय मरायच्या! पेला रिकामा करून पदर सारखा करायच्या, तुळशीकडे बघून हसायच्या आणि अलगद आडव्या व्हायच्या. बायकांच्या बाजूला हुंदके सुरू. मी अंगावर पडून टाहो फोडायचो, तेव्हा मेलेल्या बाई ओठ न हलवता म्हणायच्या, "आवं, जरा उचला की अंग. बरगडी मोडंल माझी." एकदा मला हसू आवरेना. लोकांना वाटलं, मास्तरांना हुंदका अनावर झाला.

आटपाडीकडच्या काही गावांत एक रीत होती. नाटकात जी मेली तिला अपशकुन लागू नये म्हणून सकाळी गावातल्या बाया तिची ओटी भरत. बाईंना याचं भारी अप्रूप. "मरून एवढा मान कुणाला घावतोय, मास्तर?"

अशाच एका सकाळी देवळाच्या ओवरीत ओटी भरणं चाललं होतं. मी शेजारी वळकटी बांधत होतो. एक तरणी सून पुढे आली. पदरात तांदूळ टाकता टाकता तिनं हळूच विचारलं, "आवं बाई, ते पिल्यावर खरंच आसं निवांत वाटतंय?"

पोरगी कौतुक करतेय, असंच बाईंना वाटलं. "व्हय की. झोप लागल्यावानी," त्या हसत म्हणाल्या.

सून हसली नाही. "मग बरं हाय," एवढंच बोलली.

बाईंनी झटकन तिचं मनगट धरलं. ओटीतले तांदूळ सांडले, तरी त्यांनी त्या पोरीचं मनगट सोडलं नाही. "खोटं हाय गं समदं. सरबत आसतंय त्यात. मी मागनं उठून जेवती. खरं मरण आसलं नसतंय, ऐक माझं."

पोरगी हात सोडवू बघत होती. मागून सासू हाका मारत होती. आमची जीप निघाली तेव्हा बाई जीपमध्ये नव्हत्या.

पुढच्या नाटकाला त्या थेट साताऱ्याकडच्या एका गावात येऊन पोचल्या. डोळे खोल गेलेले. आधी सासूच्या पाया पडून आणि मग तिच्याशी भांडून, त्या पोरीला त्यांनी एस.टी.नं तिच्या भावाकडे नेऊन सोडलं होतं.

"आता बरी आहे का ती?" मी विचारलं.

"आज तरी हाय," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मास्तर, आपण किती गावांत हे केलं वो?"

मी बोटांवर गावं मोजायला लागलो आणि दहावर थांबलो.

त्या प्रयोगात मी विंगेत रडायच्या तयारीत उभा होतो. बाईंनी पेला उचलला आणि बायकांच्या बाजूला बघत राहिल्या. आतून प्रॉम्प्टर पुन्हा पुन्हा वाक्य देत होता. बाईंनी पेला जमिनीवर ओतला. हे मला नंतर कळलं; विंगेतून ते दिसलंच नाही. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला, विष पिऊन झालं असेल म्हणून मी ठरल्याप्रमाणे टाहो फोडत आत धावलो, तर मरायची ती बायको समोर उभी.

"रडू नका, मास्तर," भर नाटकात त्या म्हणाल्या. "मी हाय."

शिट्ट्या, आरडाओरडा सुरू झाला. नाटकाचा सत्यानाश केला म्हणून जत्रा कमिटीनं आम्हाला धारेवर धरलं. त्यानंतर बाईंना कुणी नाटकाची सुपारी दिली नाही. मिरजेतलं बिऱ्हाड हलवून त्या कुठे गेल्या, कुणालाच सांगता आलं नाही.

मंडळीनं दुसरी बाई आणली. तीही छान मरायची. मी तिच्याजवळ बसून टाहो फोडायचो, आणि रडता रडता तिच्या मनगटाची नाडी चाचपून बघायचो.